उलटी फिरलेली चकती

मित्रांनो, मी एक जुना सँडर आहे. पोलाद घासणं हे माझं काम. आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. एवढा खडखडाट करणारं यंत्र कशाला घाबरेल, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याच्या तोंडासमोर दिवसभर माणसांची बोटं असतात, त्याला जीव मुठीत धरूनच जगावं लागतं.

माझा जन्म घरामागच्या एका छोट्या खोलीत झाला. मालक तिथे स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतात. कानशीने पाती घासून घासून त्यांचे खांदे भरून यायचे. म्हणून त्यांनी बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची मोटर काढली आणि एका जाड फळीवर घट्ट बसवली. त्यांची थोरली बहीण कारखान्यात लेथ चालवते. तिने मोटरच्या दांड्यावर आटे पाडले, ॲल्युमिनियमची ताटाएवढी मोठी, जाड चकती कातून आणली आणि बाटलीला झाकण लावतात तशी ती दांड्यावर फिरवून बसवली. चकतीवर पॉलिश पेपर चिकटवला की झालो मी तयार. समोर पातं टेकवायला लोखंडी टेबल आणि शेजारी पाण्याचं घमेलं. घासताना पातं तापतं, ते सारखं पाण्यात बुडवावं लागतं, नाही तर पोलाद मऊ पडतं.

निघताना ताई म्हणाली, "एक लक्षात ठेव. हा ह्याच दिशेने फिरू दे. काम करशील तशी चकती आणखी घट्ट बसेल. उलटा फिरवलास तर सुटेल."

"हो गं ताई," मालक म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्या बटणाकडे होतं. नवं खेळणं हातात आलं की माणसाचे कान बंद होतात, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

माझं कौतुक मात्र खूप झालं. शेजारचे सुतार मुद्दाम बघायला आले. "वा, भंगारातून सोनं काढलंस की," म्हणाले. मालकांची छाती फुगली. मी मात्र त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो माझ्यापासून जेमतेम दोन बोटं दूर होता.

मालकीणबाई तेव्हा फक्त सुऱ्यांच्या लाकडी मुठी करायच्या. एक दिवस त्यांनी पातं घासून पाहिलं आणि मालकांपेक्षा सरस काम केलं. पण त्या डावखुऱ्या. माझी चकती डाव्या बाजूला वरून खाली येते, म्हणून तिथे पातं टेबलावर दाबलेलं राहतं. उजवीकडे ती खालून वर जाते, तिथे पातं टेकवलं तर ते उडालंच म्हणून समजा. मालकीणबाईंचा डावा हात सोयीने चालायचा तो उजवीकडे. बिचाऱ्या कंबर वाकडी करून डावीकडे घासत बसायच्या.

मालकांना ते बघवेना. दोन दिवस खपून त्यांनी मला नवं बटण लावलं. ते खाली केलं की मी नेहमीसारखा फिरणार, वर केलं की उलटा.

"आता बस सरळ," ते म्हणाले. "तुझ्यासाठी अख्खं यंत्र फिरवलं."

"माझ्या हाताची एवढी काळजी पहिल्यांदाच कुणी केली," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते.

मित्रांनो, किती प्रेमाने केलेलं काम ते. त्याला नावं कशी ठेवू? पण मी पहिल्यांदा उलटा फिरलो तेव्हाच मला कळलं. चकती दांड्यावर केसभर सरकली होती. ताईचं बोलणं मला आठवत होतं. मालकांना आठवत नव्हतं.

सहा महिने निभावलं, कारण दोघं आळीपाळीने बसायचे. मालकीणबाई चकती सैल करायच्या, मालक त्यांच्याही नकळत ती पुन्हा आवळायचे. मग एका सकाळी मालक पायरीवरून घसरले आणि त्यांचं मनगट मुरगळलं. हाताला पट्टा आला. एका हॉटेलच्या बारा सुऱ्या आठवड्यात द्यायच्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, "तू बस, मी करते."

तो आठवडा आठवला की आजही माझी मोटर गार पडते. मी रोज उलटाच फिरत होतो. प्रत्येक वेळी चालू होताना चकती केसभर ढिली होत होती. ती चकती सुटली तर कुठे जाणार, हे मला दिसत होतं. समोर स्टूल होतं, स्टुलावर मालकीणबाई, आणि त्यांचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर. मला ओरडता येत नाही. मला फक्त थरथरता येतं, म्हणून मी थरथरलो.

दहाव्या सुरीला मालकीणबाईंनी मला बंद केलं. "याचा आवाज बदललाय. आणि घमेल्यातलं पाणी बघ, कसं शहारतंय."

"पेपर नीट चिकटला नसेल," खुर्चीवरून मालक म्हणाले. "तुला तर माझं घोरणंसुद्धा बिघडल्यासारखं वाटतं."

त्या हसल्या. त्यांनी पेपर बदलला आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. मी गयावया करावी तसा टेबलासकट हललो. पुढच्या सुऱ्या त्यांनी कशा पुऱ्या केल्या, ते मला विचारू नका. मी प्रत्येक क्षण मोजत होतो.

राहिली होती शेवटच्या सुरीची फक्त पाठ. मालकीणबाईंनी बटणाकडे हात नेला आणि थांबल्या. मग उठल्या, बाजूच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि तिथून हात लांब केला.

"एवढी काय घाबरतेस?" मालक म्हणाले.

"घाबरले तर घाबरले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बटण वर केलं.

चकती सुटली. टेबलावर आदळली, उसळली, स्टुलाची बैठक फाडून गेली आणि समोरच्या दारात बोटभर खोल रुतली.

मालकीणबाईंनी मला बंद केलं. मग मालक धडपडत आले आणि त्यांनी चांगल्या हाताने मालकीणबाईंचा चेहरा चाचपून पाहिला. कपाळ, डोळे, गाल. "ताईनं सांगितलं होतं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिने आधी भावाला झाडलं, मग स्वतःला. "नुसतं सांगून काय होतं? तेव्हाच आडवा स्क्रू मारायला हवा होता मी." तिने चकतीच्या मानेत, म्हणजे दांडा आत जातो तिथे, दोन आडवे स्क्रू मारले. आता मी कुठल्याही दिशेने फिरलो तरी चकती जागची हलत नाही.

मालक मात्र मला भंगारात द्यायला निघाले होते. "हे यंत्र मला डोळ्यांसमोर नको."

"त्याला का शिक्षा?" मालकीणबाई म्हणाल्या. "तो आठवडाभर सांगत होता. मीही सांगितलं. ऐकलं नाहीस तू."

मालकांनी एका हाताने मला पुन्हा जागेवर सरकवलं.

मी अजून त्याच खोलीत आहे. दोघांनाही कामाला पुरतो आणि दोघांच्याही बोटांना घाबरतो. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं यंत्र असेल, किंवा एखादं माणूस असेल, जे विनाकारण घाबरतंय असं तुम्हाला वाटतं. ते काही सांगत असेल तर आधी बटण बंद करा. हसायचं ते मग हसा.