डावे फुप्फुस

मी एक जुना रबरी पुतळा आहे. कमरेपासून वरचाच. पाय मला दिलेलेच नाहीत, त्यामुळे पळून जाण्याचा प्रश्न मिटला. माझ्या गोष्टीत सर्वांत मोठा फायदा प्राचार्यांचा होता, म्हणून आधी तोच मांडतो. माझे फाटलेले डावे फुप्फुस बदलायचे नाही, एवढेच त्यांना करायचे होते. बदल्यात नवे मागवण्याची कटकट टळणार होती, वरिष्ठांसमोर मान खाली घालावी लागणार नव्हती आणि फाटकावर ‘मान्यताप्राप्त’ अशी सोनेरी पाटी चढणार होती. सौदा वाईट नव्हता.

मित्रांनो, मी कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या छातीत दोन छान फुगे होते. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्यांना यंत्राने श्वास देणारी माणसे आमच्या संस्थेत घडतात. मी त्यांचा पहिला रोगी. मुले माझ्या तोंडातून घशात नळी घालत, तिला पिशवी जोडून दाबत आणि माझी छाती फुगली की हरखून जात. घाईत कितीदा तरी त्यांनी माझे पुढचे दात पाडले. शिकवणाऱ्या बाई ते पुन्हा चिकटवत आणि म्हणत, “खऱ्या माणसाचे पाडलेत तर तो चावेल हं.”

मग एका दांडगटाने पिशवी अशी दाबली की माझा डावा फुगा फाटला. बाईंनी अर्ज दिला. प्राचार्य म्हणाले, “पुतळा काय मरणार आहे का, बाई?” सगळे हसले. शिपायाने डाव्या वाटेला बूच मारले, म्हणजे उजवी बाजू तरी फुगावी. अर्ज कुठे गेला ते अर्जालाच ठाऊक.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नळी जरा जास्त आत सरकली की ती उजव्या फुप्फुसात शिरते. मग छातीची उजवी बाजू फुगते आणि डावी निपचित राहते. हीच धोक्याची खूण. नळी थोडी मागे ओढली की काम झाले. माझी डावी बाजू मात्र नळी कुठेही असली तरी निपचितच.

त्या वर्षी आलेल्या एका मुलीला सगळे शंकाबाई म्हणत. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, “बाई, याची डावी बाजू का नाही फुगत?”

“त्याचं तसंच आहे गं. उजवी फुगली की पास समज.”

“आणि पेशंटची नाही फुगली तर?”

“शंकाबाई, आम्हालाही हात लावू दे की,” मागून कोणीतरी म्हणाले.

ती दर आठवड्याला विचारायची. मग महिन्यातून एकदा. शेवटच्या वर्षी तिने विचारणे सोडले, आणि तिचा हात छान बसला म्हणून सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारी समिती आली, तेव्हा माझी डावी बाजू भिंतीला टेकवून वर चादर ओढली होती. समितीतल्या साहेबांनी शंकाबाईला विचारले, “काही अडचण आहे का, बेटा?” प्राचार्य तिच्याकडे बघत होते. मान्यता नाही मिळाली तर कोणतेही रुग्णालय तिला दारात उभे करणार नव्हते, आणि तिच्या आईने तर मुलगी रुग्णालयात लागणार हे गल्लीभर सांगून ठेवले होते.

“नाही सर,” ती म्हणाली. पाटी चढली.

काही महिन्यांनी ती परत आली. बाई माझे दात पुसत होत्या. तिने माझ्या छातीवर डावीकडे तळहात ठेवला.

“एक सुतार होते, बाई. न्यूमोनिया झालेला. नळी मीच घातली. डावी बाजू फुगत नव्हती.”

“तुला दिसलं नाही?”

“दिसलं ना. इथे रोज दिसायचं तसंच दिसलं. मला वाटलं, बरोबर आहे.”

बाई पुन्हा माझे दात पुसू लागल्या. “मी अर्ज दिला होता गं,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

सुतार वाचला नव्हता आणि रुग्णालयाने तिला काढले होते. चौकशीत तिची चूक निघाली. ती तिचीच होती, हे तीही मान्य करते. मला कोणी काही विचारले नाही.

बाई पुढे नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी शंकाबाईच्याच वर्गातली एक मुलगी शिकवायला आली. हुशार, गोड बोलणारी आणि माझ्यावरच शिकलेली. परवा नव्या मुलांना तिने सांगितले, “डावीकडे नका बघू, त्याचं तसंच आहे.” या वेळी कोणीच शंका काढली नाही.

मित्रांनो, मोडलेली वस्तू दुरुस्त करा. जमत नसेल तर फेकून द्या, मला राग येणार नाही. पण तिच्या मोडण्याची सवय करून घेऊ नका. हे मी सांगतो खरे, पण माझ्याकडे वारा एकाच बाजूचा, आवाज कुठवर पोहोचणार?

राहिला हिशेब. प्राचार्यांना बढती मिळाली. समितीला चहा मिळाला. संस्थेला पाटी मिळाली, ती अजून चकाकते. शंकाबाई आता एका दुकानात बसते आणि घरी तिचा विषय कोणी काढत नाही. बाकी सगळे त्या सुताराने भरले. त्याने तर मला कधी पाहिलेही नव्हते.