दुखलं तर सांग

मी सिरिंज बोलतेय. दंडात टोचतात ती किरकोळ नव्हे. दातांच्या डॉक्टरची, लांब सुईची, खालचा जबडा बधिर करणारी. पितळेचं अंग, वर निकेलचा मुलामा, पोटात काचेची नळी. मला बघून लोक डोळे गच्च मिटतात. मला त्याची मजा वाटते, खोटं कशाला बोलू?

वेल्समधल्या एका खाणीच्या गावात, कापडदुकानाच्या माडीवर डॉक्टर प्यू यांचा दवाखाना होता. तिथंच माझा सारा जन्म गेला. रोज सकाळी मला उकळून काढायचे. मग डॉक्टर पेशंटच्या गालात अंगठा घालून हाडाची कड चाचपायचे आणि मला शेवटच्या दाढेच्या मागे खोलवर सरकवायचे. चार-पाच मिनिटांत अर्धा ओठ जड, अर्धी जीभ लुळी. "आता दुखलं तर सांग हं," डॉक्टर म्हणायचे. दुखत असलं तर ते दाताला चिमटा लावत नसत. तो त्यांचा नेम होता.

डोक्यावर डोंगर घेऊन कोळसा खणणारे बाप्ये मला बघताच पांढरेफटक पडायचे. एकाची तर शुद्धच हरपली. "एवढा मोठा रेडा आणि सुईला भितो!" त्याची बायको हसली. मीही हसले.

पण गावाची खरी हौस वेगळीच. मुलीचं लग्न ठरलं की बाप तिला आहेर करायचा: सगळे दात काढून नवी कोरी कवळी. दात धड असले तरीही. पुढं नवऱ्याच्या डोक्याला ताप नको ना! शेजारणी विचारायच्या, "चादरी झाल्या? दात झाले?"

छत्तीस सालच्या वसंतात मेरवेन प्रोसर आली. वीस वर्षांची, पोस्टात काम करणारी. तीन महिन्यांनी तिचं इडवलशी लग्न होतं. त्या दिवशी खालचे दात काढायचे, वरचे नंतर. सोबत आई होती, चर्चला जाताना घालायची रविवारची टोपी घालून.

मेरवेननं तोंड उघडलं. खालचे चौदा दात, एकालाही कीड नाही.

"डॉक्टर, माझे दात चांगले आहेत ना हो?"

"आज आहेत."

"मग राहू द्या ना. मला नकोय कवळी."

"नखरे बघा!" आई म्हणाली. "माझे नाही काढले लग्नाआधी? बाबांनी एवढ्या मायेनं दिलंय. तिकडं जाऊन दाढ ठणकली, तर सासू आमचाच उद्धार करेल."

"इडवलला तरी विचारलंत का?"

"त्याच्या आईनंच तर सुचवलं, बाई!"

डॉक्टरांनी मला उचललं. उजवी बाजू लगेच बधिर झाली. डावीकडे मात्र त्यांचा अंगठा घसरला आणि माझी सुई भलतीकडेच गेली. बधिर झालं का बघायला त्यांनी हिरडीला टोचणी लावली, तशी मेरवेन किंचाळली.

"ही बाजू झाली नाही. पुन्हा देतो," डॉक्टर म्हणाले. "नाहीच झाली तर आज काही काढायचं नाही."

ते ऐकून पोरीचे डोळे चमकले. मला तेव्हाच कळलं, हिच्या डोक्यात काय आलंय ते.

दुसऱ्यांदा मी अगदी नेमकी बसले. ओठ लोंबला, लाळ गळायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "बधिर झालं?"

"नाही. दुखतंय."

पाच मिनिटं गेली. "आता?"

"खूप दुखतंय हो."

अस्सं! माझ्या कामाला नावं ठेवते! मला असा राग आला म्हणता!

डॉक्टर गालात हसले. "बरं, डोळे मिट. लग्नाच्या केकमध्ये काय काय घालणार, सांग बघू."

मेरवेन जड जिभेनं सांगायला लागली. "मनुका... बदाम..." डॉक्टरांनी टोचणी हिरडीत रक्त येईस्तोवर रुतवली. "लिंबाची साल..." ती सांगतच होती.

"अगं खोटारडे!" आई टाळी वाजवून हसली.

मेरवेननं डोळे उघडले. टोचणीवरचं रक्त तिला दिसलं. अर्ध्या तासात चौदाच्या चौदा दात बशीत. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी मनापासून विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"मग रडतेस कशाला?"

बावीस वर्षांनी मेरवेन पुन्हा माडी चढली. सोबत लेक होती, नेस्टा. तिचंही लग्न ठरलं होतं. डॉक्टर थकले होते, पण त्यांना माझीच सवय.

"आई, माझे दात चांगले आहेत गं," नेस्टा म्हणाली.

"माझेही होते." मेरवेन कवळी दाखवून हसली आणि डॉक्टरांकडे वळली. "ही दुखतंय म्हणेल. ऐकू नका. डोळे मिटायला लावा आणि बोलतं ठेवा."

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपली सुई मोडावी. मोडली नाही. नेस्टाचा ओठ चार मिनिटांत जड झाला.

आता मी एका संग्रहालयात, काचेच्या कपाटात शोभेला पडून आहे. बघायला येणारे हळहळतात, "अरेरे, बिचाऱ्यांना किती दुखलं असेल!" नाही हो, कुणाला काही दुखलं नाही. तुम्ही कधी आलात, तर तेवढं त्यांना सांगा.