लोवरीच्या चुलीचा धूर

पाच वर्षांत लोवरीने चूल एकदाही विझू दिली नव्हती. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या माळावर जळण म्हणाल तर लाकूड औषधालासुद्धा नाही. शेणाचे वाळके पो आणि गवताचे पीळ, त्यावरच सगळा कारभार. हातांचा वास जाता जात नव्हता, कंबर केव्हाच कामातून गेली होती. तरी मातीच्या ढेकळांच्या त्या घरातून रोज सकाळी धूर निघायचाच.

वेल्समध्ये तिच्या आजोबांनी गावच्या पडीक जमिनीवर एका रात्रीत चार भिंती उभ्या केल्या होत्या आणि उजाडताना चुलीचा धूर दाखवून ती जागा आपली केली होती. तिकडे तसा रिवाजच होता. तिचा नवरा इथेल दुसऱ्याच वर्षी इथे तापाने गेला, तोही हेच बजावून: "धूर मोडू देऊ नकोस, लोवरी. धूर मोडला की जमीन गेली." सरकारने एकशेसाठ एकर दिले होते ते पाच वर्षं राहून कसण्याच्या बोलीवर. राहणं म्हणजे काय, हे या दोघांनी कोणाला विचारलंच नाही. आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं की माणूस कशाला विचारतो!

गेल्या फेब्रुवारीत चाळीस मैलांवरून थोरल्या नेस्टचा निरोप आला होता, "आई, बाळंतपणाला ये. मला भीती वाटते." धाकटी मोर्विथ तेव्हा दहाची. तिला एकटीला ठेवता येईना, बरोबर न्यावं तर चूल थंड पडणार. लोवरीने स्वतः विणलेली बाळाची शाल तेवढी पाठवली. बाळ सहा दिवस जगलं. शाल घडी करून परत आली, सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आज जमिनीच्या कचेरीत शेजारचे ग्रिफिथकाका तिच्या बाजूने साक्षीला उभे होते.

"ही बाई जमिनीवर सलग राहिली?" कारकुनाने विचारलं.

"साहेब, मी घड्याळ बाळगत नाही. हिचा धूर दिसला की धार काढायला उठतो. मेलीने एक दिवस सुखाने लोळू दिलं नाही."

"लेकीच्या बाळंतपणालासुद्धा गेले नाही मी," लोवरी म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. "का? सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं, बाई. दोन आठवड्यांनी काय बिघडणार होतं?" मग त्याने शाईवर फुंकर घातली आणि जमिनीचा कागद तिच्या हातात दिला.

गाडीत काका म्हणाले, "जमीनदारीणबाई, आता तरी हसा!"

"काका, ते सहा महिन्यांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. मला वाटलं, माय-लेकींचं बिनसलंय, तुलाच जायचं नाहीये. आपण कशाला मध्ये बोला?"

लोवरीने हातातल्या कागदाची घडी घातली. तिला रडायचं होतं, पण तेवढाही जीव उरला नव्हता.

दारात मोर्विथ नाचत होती. "आई, एकदासुद्धा विझली नाही! बघ तरी!"

"शाबास गं," लोवरी म्हणाली. तिने पाण्याची बादली उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीत ओतली. घरभर राख उडाली.

"आई! जमीन जाईल ना!"

"नाही जात. कधीच जाणार नव्हती. घोंगड्या घे, ताईकडे जायचंय."

ग्रिफिथकाका गाडीतून उतरले. त्यांनी आपल्या गाडीचा लगाम तिच्या हातात दिला आणि तिची गाय सांभाळायला आपल्याकडे न्यावी म्हणून दावं सोडायला गोठ्याकडे वळले.

लोवरीने पेटीतून शाल काढली.

"ताई घरात घेईल आपल्याला?" मोर्विथने विचारलं.

"माहीत नाही," लोवरी म्हणाली. "नाही घेतलं तर दारात बसू. मला आता घाई नाही."