अडतीसचा फर्मा

अर्धी चड्डी घालून हारुन मास्टर आरशासमोर उभा राहिला आणि दुबईतल्या रास अल खोरच्या त्या वर्कशॉपमधली मशिनं एकामागोमाग थांबली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मेंदी लावलेली आखूड दाढी, वर रुंद कॉलरचा पांढरा शर्ट बाहेर सोडलेला, खाली गुडघ्याच्या चांगली वर संपणारी निळी चड्डी आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे मोजे. कारागीर हसून हसून बेजार झाले. मास्टरनेही आरशातल्या स्वतःला एक सलाम ठोकला. अमेरिकेतला एक बेसबॉलचा संघ पन्नासेक वर्षांपूर्वी खरोखरच असा मैदानात उतरला होता आणि तीनच सामने खेळून पुन्हा फुलपँटीत शिरला होता, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

हसला नाही तो फक्त गनी. म्हसळ्याचा गनी बावीस वर्षं मास्टरच्या टेबलाशेजारच्या मशिनवर बसत आला होता. तो उठून आला आणि मास्टरच्या पाठीवरचं कापड त्याने चिमटीत धरलं. चिमटीत चांगलं तीन बोटं कापड आलं.

"मास्टर, हा ढिला होतोय."

"तुझी शिलाई ढिली," मास्टर म्हणाला. "बाजू परत मार."

गनीने शर्ट हातात घेतला, शिलाई उलटसुलट करून बघितली आणि जागेवर जाऊन बसला. शिलाई जिथे हवी तिथेच होती.

ऑर्डर आणली होती मंजुषाने. ही मूळची पुण्याची, आता अबुधाबीच्या एका इव्हेंट कंपनीत. बेसबॉलची कुठलीशी स्पर्धा तिथे भरणार होती आणि त्या निमित्ताने एक प्रदर्शन: या खेळाच्या इतिहासात ज्यांची फजिती झाली, जे नाकारले गेले, असे नऊ गणवेश अडतीस मापाच्या पुतळ्यांवर चढवून मांडायचे. खेळाडू नऊ, म्हणून गणवेश नऊ. तिने पहिल्याच दिवशी चहा पिता पिता एकेकाची गोष्ट मास्टरला सांगितली होती. एका वर्षी तिथल्या मोठ्या मंडळींनी ठरवलं, की सदऱ्याचा रंग संघाचा नाही, जागेचा. चेंडू टाकणाऱ्याचा एक, झेलणाऱ्याचा दुसरा, आणि दोन्ही संघांत तसंच. आपला कोण आणि परका कोण हेच कळेना, तेव्हा हंगामाच्या मध्येच ते गुंडाळलं. कोणी दिव्यांखाली चमकावं म्हणून सॅटिन शिवलं आणि घामाने हैराण झाले. कोणी शंभर वर्षांपूर्वी पांढऱ्यावर जांभळ्या रेघांच्या चौकड्या काढल्या. कोणी पुढच्या शतकात माणसं काय घालतील याचा अंदाज बांधून बाह्याच कापून टाकल्या.

मास्टरला हे फार आवडलं. तीस वर्षं त्याने सिक्युरिटी गार्डांचे, शाळांचे, वॉर्डबॉयचे गणवेश कापले होते. चांगला गणवेश म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो, हे त्याच्या हातात बसलं होतं. हे नऊ मात्र बघण्यासारखेच होते. ते कापताना तो गुणगुणायचा, आणि मास्टर गुणगुणतोय हे वर्कशॉपमध्ये बऱ्याच महिन्यांनी ऐकू येत होतं.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. सॅम्पल कुठलंही असो, ते हारुन मास्टरच्या अंगावर बसलं पाहिजे. तो ऐन तारुण्यात रत्नागिरीहून आला तेव्हा जुन्या शेठने त्याला टेप लावली होती. छाती अडतीस, कंबर बत्तीस, खांदे सरळ. तुला अल्लानेच मापात कापलंय, शेठ म्हणाला आणि त्या मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा बनवून खिळ्याला टांगला. कापडावर ठेवून खडूने रेघ मारायचा तो नमुना. त्यावर फक्त 'हारुन' लिहिलेलं. मोठा साइज काढायचा तर त्यात वाढवायचं, लहान काढायचा तर कमी करायचं. शेठ गेला, त्याचा मुलगा आला, कॉम्प्युटर आला, पण रीत राहिली. मास्टरच्या गळ्यातली टेप दुसऱ्यांसाठी आणि कॉलरमागे टोचलेल्या टाचण्याही दुसऱ्यांसाठी. त्याचा स्वतःचा भरवसा अंगावर. दाढी पिकली तरी अडतीस हललं नाही, याचा त्याला रास्त गर्व होता.

चड्डीवाल्यानंतर सॅटिनचा सदरा तयार झाला. तोही ढिला. सॅटिन निसरडं असतं, कापताना सरकलं असेल, असं मास्टर म्हणाला. मग बिनबाह्यांचा झाला, तर त्याच्या बगलेतून बरगड्या दिसायला लागल्या. तो कपडा मात्र त्याने लगेच काढून ठेवला आणि त्या दिवशी गुणगुणणं बंद झालं.

गनी बघत होता. मास्टरच्या बोटातल्या चांदीच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता. बेल्टला आरीने एक नवं भोक पाडलेलं होतं, आणि महिन्याभरात त्याच्याशेजारी आणखी एक. दुपारी चारनंतर मास्टर एसी कमी करायला सांगायचा, आणि सगळे घामाघूम झालेले असताना स्वतः स्वेटर चढवायचा. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. दोन वर्षांपूर्वी ओव्हरलॉक मशिनवर बसणारा एक माणूस असाच बारीक होत गेला होता. व्हिसा वाढवण्याआधीच्या मेडिकलला त्याच्या छातीचा एक्स-रे काढला, दुसऱ्यांदा काढायला बोलावलं, छातीत डाग निघाला, व्हिसा मिळाला नाही आणि तो कायमचा गावी गेला. त्याच्या खुर्चीवरची उशी अजून तिथेच होती आणि नवीन माणूस ती बाजूला ठेवून बसायचा. मास्टरची मेडिकल नोव्हेंबरच्या पाच तारखेला होती.

ही तारीख मास्टर विसरला नव्हता. तीन आठवडे राहिलेत हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण ढिला सदरा आणि ती तारीख या दोन गोष्टी त्याने डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या, आणि कप्पे एकमेकांना लागू नयेत म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. तो घाबरलेला होता आणि घाबरल्याचं त्याला स्वतःला कळू द्यायचं नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर घरून बायकोचा, नूरजहाँचा, व्हिडिओ कॉल आला. तिने सुनेची, आंब्याच्या कलमांची हकीगत सांगितली आणि मध्येच थांबली.

"तुमचा चेहरा एवढासा का दिसतो?"

"फोन नवा हाय," तो म्हणाला. "यात सगळ्यांचे तसेच दिसतात."

मग तिने फोन जवळ धरायला सांगितला, तर त्याने तो छताकडे केला आणि नेटवर्क जातंय म्हणाला.

शनिवारी त्याने निकाल लावला. फर्मा पसरलाय. एवढी वर्षं इथल्या दमट हवेत लटकून पुठ्ठा फुगलाय, कडा बाहेर आल्यात, आणि म्हणून सगळं ढिलं होतंय. त्याने हे सगळ्या कारागिरांसमोर मोठ्याने सांगितलं. तीस वर्षं खडू फिरून पुठ्ठ्याची कड झिजते, कधी वाढत नाही. हे गनीला कळत होतं आणि मास्टरला तर त्याच्या आधी कळायला हवं होतं. पण मास्टरच्या मापावर मास्टरसमोर कोण बोलणार?

मग त्याने नवा पुठ्ठा घेतला, अंगावर कापड लावलं, टाचण्या मारल्या, आणि जसा आज बसतो तसा नवा फर्मा काढला. टेप काही लावली नाही. स्वतःला टेप लावायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. जुना फर्मा त्याने कचऱ्याच्या पिंपाशी टाकला, तयार झालेले तीन गणवेश उसवून बारीक केले, राहिलेले सहा नव्या फर्म्यावर कापले. एकेक घालून बघितला. नऊच्या नऊ अंगावर असे बसले, की जुना शेठ असता तर त्याने पाठ थोपटली असती. पॅकिंग झालं, गाडी अबुधाबीला गेली, आणि त्या रात्री मास्टर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषाचा फोन आला. बटणं लागत नाहीत, एकाही पुतळ्याला लागत नाहीत. ओपनिंग सहा दिवसांवर आहे, मास्टर, प्लीज तुम्ही स्वतः या, असं ती म्हणाली. पुतळे चुकीचे आलेत, तो म्हणाला, आणि कंपनीच्या व्हॅनमध्ये बसला. शेख झायद रोडवर दीड तास तो तेच घोकत होता. पुतळे स्वस्तातले असणार, कुठूनतरी भाड्याने आणलेले, त्यांना माप कुठलं.

हॉलमध्ये नऊ पुतळे ओळीने उभे होते. सगळ्यांचे सदरे समोरून फाकलेले, चौकड्यांचा, सॅटिनचा, सगळेच, आणि मधून प्लॅस्टिकच्या गोऱ्या छात्या दिसत होत्या. मास्टरने गळ्यातली टेप काढली आणि पहिल्या पुतळ्याच्या छातीभोवती फिरवली. अडतीस. दुसऱ्याला लावली. अडतीस. तिसऱ्यालाही अडतीसच. तरी त्याने नऊच्या नऊ मोजले, कारण अर्धवट मोजून सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नवव्या पुतळ्यापाशी तो थांबला. मग त्याने तीच टेप स्वतःच्या पाठीमागून घेतली, काखेखालून पुढे आणली, छातीवर दोन्ही टोकं जुळवली आणि मान खाली घालून आकडा वाचला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा वाचला.

मंजुषा बाजूलाच उभी होती. "किती आलं, मास्टर?" तिने विचारलं. तिला वाटलं, तो टेप तपासतोय.

"चौतीस," तो म्हणाला.

तिने आता त्याच्याकडे नीट बघितलं. त्याची कॉलर, मनगटावरून कोपरापर्यंत घसरलेलं घड्याळ, पट्ट्याची लोंबणारी जीभ. मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात ओपनिंगची घाई नव्हती. तिच्या ओळखीच्या एक डॉक्टर होत्या, आजच अपॉइंटमेंट घेते म्हणाली.

"पाच तारखेला मेडिकलच हाय माझी," मास्टर म्हणाला. "ते बघतीलच. आधी तुमचं काम. टेंशन नको, चार दिवसांत देतो."

एवढं बोलून त्याने सगळे गणवेश पुतळ्यांवरून स्वतः उतरवले, घड्या घातल्या आणि बॅगेत भरले. पुतळे उघडे राहिले, म्हणून त्यांच्यावर हॉलमधली पांढरी कापडं टाकायला सांगितली.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर तो कचऱ्याच्या पिंपाकडे गेला. पिंप रिकामं होतं. गनी मशिनवरून उठला, कापडाच्या ताग्यांच्या मागे हात घालून त्याने जुना फर्मा काढला आणि कटिंग टेबलावर ठेवला. कडा झिजून मऊ झालेल्या, मधोमध 'हारुन'.

"ठेवला होतास?"

"हां."

"तुला ठाऊक होतं."

"तुमी बोलाल म्हणून थांबलो, मास्टर," गनी म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला त्याने खडूचा डबा उगाच इकडचा तिकडे ठेवला.

मास्टर त्याला रागावला नाही. खुर्ची ओढून बसला, मोठ्या काळ्या पेनाने फर्म्यावरचं आपलं नाव सावकाश खोडलं आणि त्याच्या खाली '38' लिहिलं. यापुढे सॅम्पल टेपवर तपासायचं, कोणाच्या अंगावर नाही, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. मग यल्ला, चला, म्हणून कापड पसरायला लावलं. चार दिवस त्याने कापलं आणि गनीने शिवलं. नऊ गणवेश वेळेत गेले आणि बटणं लागली. मंजुषाने फोटो पाठवले, ते मास्टरने नूरजहाँला पुढे धाडले. सोबत 'माझं काम' एवढंच लिहिलं, बाकी काही लिहिणं त्याला जमलं नाही.

लहान झालेले नऊ मात्र शेल्फावर पडून होते. ते कोणाच्याच कामाचे नव्हते. पाच तारखेला सकाळी मास्टरने आपले शर्ट एकेक करून घालून पाहिले, सगळे खांद्यावरून उतरत होते. शेवटी त्याने आदल्या दिवशी वर्कशॉपमधून आणलेला तो जांभळ्या चौकड्यांचा सदरा चढवला. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तो टिकला नव्हता, पण रास अल खोरच्या रस्त्यावर त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. तो अंगावर बरोबर बसला होता. गनी सोबत आला होता, पण मेडिकल सेंटरच्या आत त्याला सोडलं नाही.

एक्स-रेच्या खोलीबाहेर सदरा काढून खुंटीला लावायचा होता. मास्टरने आधी त्याची बटणं लावली, मग तो खांदे सरळ करून टांगला. आतल्या माणसाने त्याला निळा गाऊन दिला, सगळ्यांना एकच साइज असतो तो. गाऊन त्याच्याभोवती जवळजवळ दोन वेढे फिरला.

छाती प्लेटला लावा, हनुवटी वर, असं त्या माणसाने हिंदीत सांगितलं. मास्टर थंड प्लेटला टेकून उभा राहिला. त्याचा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला आणि गाऊनचं जास्तीचं कापड त्याने चिमटीत धरलं, एका बाजूने चार बोटं. डावा हात कॉलरमागे गेला, टाचणी शोधायला. तिथे कॉलरही नव्हती.

"हात नीचे, चाचा," तो माणूस काचेमागून म्हणाला. "साँस रोको."

मास्टरने चिमटीतलं कापड सोडलं आणि श्वास रोखला.