इथेच बनवलेलं कोण नेणार?

सांगून कोणाला पटायचं नाही, पण मरोळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काढून टाकलेलं सॉफ्टवेअर एकटंच नोकरी करत राहिलं होतं, आणि त्याला घरी पाठवलं ते मी.

हसा, हसा. चहा गार होतोय, तो प्या आधी.

तिथली तीन नंबरची खोली गळायला लागली म्हणून बंद केली. जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवलं, नव्यात तीन नंबरच नाही. तरी ही आपली जुहूची सगुणा, समोर बसलीय तीच, लग्नाच्या ऑर्डरची सुरमई घेऊन आली आणि पावती निघाली : खोली तीन.

वॉचमन धोंडिराम म्हणाला, "पावतीवर तीन, तर माल तीनमध्येच."

"अरे, तिथे पंखासुद्धा नाही!"

"मग पावती बदलून आणा ना, मावशी."

काउंटरवरची कल्पिता पुन्हा छापायची, पुन्हा तीन. बाहेर क्रेटमधल्या बर्फाचं पाणी होत चाललेलं. शेवटी मला बोलावलं. सगळे दमलेले, मी तर जन्माचाच दमलेला.

आता ऐका. सॉफ्टवेअर म्हणजे चाळीतला भाडेकरू. चार ट्रंका घेऊन येतो आणि आल्यावर त्या खोलीच्या मापाने पोटमाळा ठोकतो. त्यालाच ही कॉम्प्युटरवाली पोरं कंपाइल करणं म्हणतात. सोडून जाताना यादी बघतो, आणलेल्या चार ट्रंका उचलतो, चालता होतो. पोटमाळा त्याने आणलाच नव्हता, तर तो यादीत कुठून असणार? राहतो तसाच. मग नवा भाडेकरू येतो आणि वरून जुन्याचाच आवाज.

टॉर्च घेऊन मी मशीनच्या पोटात शिरलो. तीन नंबरची मूळ फाइल केव्हाच गेलेली, पण तिची तिथेच कंपाइल झालेली जुळी बहीण पाय पसरून बसलेली. म्हणाली, "मला कोणी नेलंच नाही हो." वाईट वाटलं मला. पण चिमट्याने धरली आणि ओढली बाहेर.

मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतल्या देवेशला फोन लावला. म्हटलं, "बाबा, तुमचं सॉफ्टवेअर लोकांच्या मशीनवर जाऊन जे जे बनवतं, ते त्याने लक्षात ठेवायचं आणि निघताना स्वतःच मोडायचं. यादीत नव्हतं म्हणून हात वर करायचे नाहीत. मागचा पसारा आम्ही किती दिवस आवरायचा?" देवेश फोनवर हमसून रडला.

पुढची पावती निघाली, खोली एक. क्रेटमधल्या सुरमईने माझ्याकडे बघून हळूच पापणी मिटली...

सगुणाने कप आपटला. "मेल्या मार्तंडा, सुरमईला पापणी असते कधी? माझा जन्म गेला मासळीत! आणि ती फाइल उडवली कल्पितानं. तू माझ्या टेम्पोत घोरत होतास, क्रेट आत न्यायला तुला हलवून हलवून माझा हात दुखला, आणि तेवढ्यात अर्धा माल मऊ पडला!"