गच्चीवरचा अशोक

शालनबाईंनी सांडगे उलटवले आणि शेजारी जुन्या साडीवर पसरलेल्या चपट्या बियांवरूनही हात फिरवला. बिया खडखडीत वाळल्या होत्या. मे महिन्यात निगडीच्या या गच्चीवर काही ओलं राहू देणं त्यांना पाप वाटे.

बियांची ओली पिशवी घरी ठेवून पुन्हा चार दिवस गावी गेलेले ज्योतीराम परतले, ते ती पिशवी शोधतच वर आले.

"शालन, माझ्या बिया कुठंयत?"

"वाळवल्या की. तुमी वल्याच ठिवल्या हुत्या. बुरशी न्हाई का धरायची?"

ज्योतीराम पायरीवर बसले. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: गावच्या डोंगरातल्या अशोकाची रोपं करायची. बंगल्यांपुढं शोभेला लावतात तो नव्हे, रानातला खरा अशोक. दरीत त्याचं एकच झाड उरलं होतं, आणि औषधासाठी लोकांनी त्याचीही साल सोलून नेली होती. पुढच्या वर्षी ते फळेल याचा भरवसा नव्हता. आणि या अशोकाची बी वाळली की मेली, हे बायकोला सांगायचं नेमकं राहून गेलं होतं.

त्यांनी साडीकडे पाहिलं. केवढ्या मायेनं तिनं एकेक बी पुसून मांडली होती! रागवायला त्यांची जीभ रेटेना.

"बरं केलंस," ते म्हणाले.

मेलेल्या बिया त्यांनी कुंड्यांत पेरल्या आणि रोज नेमानं पाणी घातलं. शालनबाई वाकून वाकून बघत. "अजून कसं न्हाई उगवलं?" असं विचारत. पुढं त्यांनी विचारणं सोडून दिलं.

आषाढात एका कुंडीत तांबूस, लुळ्या पानांचा कोंब दिसला.

"आला बघा तुमचा अशोक!"

ज्योतीरामांनी एक पान चुरडून नाकाशी नेलं. कैरीचा वास आला.

"अशोकच," ते म्हणाले आणि हसू लपवायला वाकून कुंडीतली माती सारखी करत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं मिळून दरीत उतरले. झाड एका अंगानं वाळलं होतं. पण उरलेल्या फांदीनं थोड्या शेंगा धरल्या होत्या. ज्योतीरामांनी त्या हलकेच तोडल्या. शेंगा सोलून ते पिशवी उघडू लागले, तेवढ्यात शालनबाईंनी मटकी बांधायचं फडकं पुढं केलं. घरूनच भिजवून आणलेलं होतं.

"यात बांधा," त्या म्हणाल्या. "का दर साली आंब्याचीच कोय पुरू मी?"