परिचयाचं पान आणि चार हातांचा हत्ती

मी एक जुनं पान आहे. कागदाचं नाही, वेबसाइटवरचं. हातांच्या सावल्यांचे खेळ करणाऱ्या एका कलाकाराची ती वेबसाइट. तिच्यावरच्या ‘परिचय’ या शब्दाला बोट लावलं की मी उघडतो. मित्रांनो, पहिल्या दोन ओळींतच तुमच्या लक्षात येईल की मी फार गोड बोलतो. त्या गोड बोलण्याची मला शिसारी आली आहे. स्वतःचीच शिसारी येणं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळू नये. पण माझी हकिगत ऐकाल तर थोडं कळेल.

माझा जन्म शिवणकामाच्या दुकानात झाला. दुकान कसलं, रस्त्याकडेची एक खोली. एक शिवणयंत्र, कापायचं टेबल, खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. दुकान ताईचं, म्हणजे कलाकाराच्या मोठ्या बहिणीचं. दिवसभर ती लोकांचे कपडे शिवायची आणि खेळ असला की यंत्रावर झाकण घालून भावाबरोबर निघायची, कारण खेळ दोघांचा होता. समोर पांढरा पडदा, मागे दिवा, आणि दोन्हींच्या मध्ये खांद्याला खांदा लावून उभे असलेले बहीणभाऊ. पडद्यापुढच्या लोकांना फक्त सावल्या दिसायच्या. ससा एकाच्या हातांनी व्हायचा, पक्षीही व्हायचा, पण हत्तीला चार हात लागायचे. भावाच्या दोन पंजांचं डोकं आणि पाठ, ताईच्या डाव्या हाताचा कान आणि उजव्या हाताची सोंड. आकार बदलायची वेळ आली की ताई भावाला कोपरानं हलकंच ढोसायची. त्या ढोसण्यावर सगळा खेळ चालायचा.

एका दुपारी भाऊ लॅपटॉप घेऊन दुकानात आला.

“ताई, आपल्याबद्दल चार ओळी लिहायच्यात. काय लिहू?”

“त्यात काय अवघड आहे? घे लिहून,” ताई म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्या तिनं काढल्यासुद्धा नाहीत. “आम्ही बहीणभाऊ हातांच्या सावल्या करतो. लहानपणी दिवे गेले की आई मेणबत्ती लावायची, तेव्हापासून करतो. आमचा हत्ती बघायला या.”

झालं. मी एवढाच होतो. माझ्या अंगावर एकही दागिना नव्हता आणि मला तो नकोही होता. लोक मला वाचायचे, हसायचे, आणि “अगं, इकडे ये, हे बघ,” असं म्हणून शेजारच्याला बोलवायचे. ते माझे सुखाचे दिवस.

आता पहिला घोळ ऐका. कलाकारांच्या जगात एक रीत आहे. कार्यक्रमाचा निवेदक कलाकाराची ओळख करून देतो, पण ती लिहिण्याचे कष्ट घेत नाही. तो वेबसाइटवरचं पान उघडतो आणि जसंच्या तसं वाचतो. एका शाळेच्या कार्यक्रमात व्यायामाचे शिक्षक निवेदन करत होते आणि शेजारच्या खुर्चीत मुख्याध्यापिका बसल्या होत्या. शिक्षकांनी फोनवर मला उघडलं, घसा खाकरला आणि कवायतीच्या आवाजात वाचलं, “आम्ही बहीणभाऊ हातांच्या सावल्या करतो.”

मुलांनी एकदा शिक्षकांकडे पाहिलं, एकदा मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, आणि सभागृहात जो हशा पिकला तो थांबेना. शिक्षकांना वाटलं, मुलांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. पडद्यामागून ताईचंही हसणं ऐकू येत होतं. भावाचं मात्र आलं नाही. आपला पोपट झाला, असं त्याला वाटलं.

“अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस?” दुसऱ्या दिवशी ताई त्याला म्हणाली. “‘आम्ही’च्या जागी ‘हे बहीणभाऊ’ कर. मग कोणीही वाचू दे.”

मित्रांनो, एवढंच करायचं होतं. वाचकाशी आपणच बोलायचं असेल तर ‘मी’ किंवा ‘आम्ही’ लिहावं, आणि दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायचं असेल तर ‘हे’ किंवा ‘ते’. दोन्हींत काही पाप नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी त्या बिचाऱ्या ‘ते’वर फोडणार नाही.

भाऊ गेला एका सल्लागाराकडे. कलाकारांची प्रसिद्धी करून देणं हा त्याचा धंदा. काचेची खोली, टेबलावर प्लास्टिकचं रोप, आणि जिभेवर सदा ‘सर’. त्यानं मला उघडलं आणि नाक मुरडलं.

“सर, हे फार घरगुती आहे. आणि दोन माणसं कशाला? लोकांना एक चेहरा लागतो.”

“पण ‘मी मोठा कलाकार आहे’ असं कसं लिहायचं हो? बरं दिसत नाही,” भाऊ म्हणाला.

“म्हणून तर ‘ते’ लिहायचं, सर. ‘मी’ लिहिलं की टिमकी वाटते. ‘ते’ लिहिलं की कीर्ती वाटते.”

भाऊ हसला. त्याला ते पटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा किळस आली. सल्लागारानं भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं हे खरं, पण घरी आल्यावर पुढच्या फांद्या भाऊ स्वतःच चढला. सल्लागारानं ‘ख्यातनाम’ लिहिलं, भावानं त्याचं ‘जगविख्यात’ केलं. सल्लागारानं ‘रसिकांचे लाडके’ लिहिलं, भावानं पुढे जोडलं, ‘त्यांच्या बोटांना दैवी देणगी आहे असे जाणकार मानतात’. कुठले जाणकार? कोणी मानलं? टंकणारं बोट त्याचंच होतं. मग त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, आणि कोणी येत नाहीसं पाहून लिहिलं: ‘केवळ आपल्या दोन हातांनी ते एकटे पडद्यावर हत्ती उभा करतात.’

‘मी एकटा हत्ती करतो’ हे लिहायला त्याचा हात धजला नसता. ‘ते’ म्हटल्यावर ते जणू शेजारच्या कोणा गृहस्थाचं खोटं झालं, आणि सहज लिहून गेलं. मला अंग झटकता आलं असतं तर मी ते वाक्य तिथेच पाडलं असतं.

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. ती बापडी पुढचे खेळही करत राहिली. पडद्यापुढे निवेदक ‘ते एकटे’ म्हणून वाचायचा तेव्हा ती मागे दिव्याची वायर तपासत असायची, तिकडे तिचं लक्ष नसायचं. शेवटी तिला हे कळलं ते गिऱ्हाइकाकडून. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईंनी मला फोनवर उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

“हे तुमचे भाऊच ना? सगळं एकटेच करतात म्हणे. तुम्ही मदतीला जाता वाटतं सामान उचलायला?”

ताईनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. मग बाईंचं माप घेतलं, पावती दिली आणि हातातला घेर शिवून संपवला. तिचा चेहरा अगदी जवळून पाहणारा मी एकटाच होतो, आणि त्या वेळी कोणीतरी मला बंद करावं असं मला झालं होतं.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा तिनं विचारलं, “हत्तीच्या वेळी मी कुठे उभी असते रे?”

भाऊ गडबडला. “अगं ताई, ते तसं लिहायची पद्धत असते.”

“लिहिलं कोणी?”

“मी नाही लिहिलं काही. ते आपलं... वेबसाइटवर तसं येतं.”

ऐकलंत? मी लिहिलं म्हणे! स्वतःच्या बोटांनी केलेली घाण त्यानं सरळ माझ्या अंगावर पुसली. आजवर मला किळस येत होती ती त्या शब्दांची. त्या दिवसापासून या माणसाची येऊ लागली.

ताई उठली, यंत्रावर झाकण घातलं. “मग आता वेबसाइटलाच सांग सोंड उचलायला,” ती म्हणाली. त्यानंतर ती खेळाला गेली नाही.

भावानं काही दिवस ससे नि पक्षी करून वेळ मारून नेली. मग एका मोठ्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. बालमहोत्सवाच्या संयोजिकेनं मला वाचलं होतं आणि नेमकं तेच वाक्य तिला भुरळ घालून गेलं होतं.

“सर, दोन हातांत अख्खा हत्ती! आम्ही पडदा असा तिरका लावतो की मुलांना सावलीही दिसेल आणि तुमचे हातही दिसतील,” ती फोनवर म्हणाली.

माणसानं इथे तरी खरं सांगावं की नाही? “वा, छान कल्पना आहे,” भाऊ म्हणाला.

खेळाच्या दिवशी संयोजिका मला टॅबवर उघडून रंगमंचाच्या कडेला उभी राहिली. तिनं ‘जगविख्यात’ वाचलं, ‘दैवी देणगी’ वाचली, ‘ते एकटे’ वाचताना तर आवाज चढवला. मुलांनी टाळ्या पिटल्या. ससा झाला, पक्षी झाला. मग भावानं दोन पंजे जोडले. डोकं झालं, पाठ झाली, आणि तिथेच गाडं अडलं. एका हातानं सोंड करू गेला तर पाठ नाहीशी झाली, पाठ धरली तर सोंड राहून गेली. दोन-तीनदा त्याचा उजवा खांदा आपोआप बाजूला सरकला. कोणीतरी ढोसेल म्हणून तो थांबला होता.

“ही म्हैस आहे का?” पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं आईला विचारलं. ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. आई म्हणाली, “गप, हत्ती आहे तो.” “पण सोंड कुठंय?”

भावानं दिवा बिघडल्याचं कारण सांगून खेळ आवरला. संयोजिका सभ्य होती. तिनं फुलांचा गुच्छ दिला आणि टॅब मिटला.

दुसऱ्या दिवशी तो ताईच्या दुकानात येऊन कापायच्या टेबलाशी उभा राहिला. “ताई, चल ना. तुझ्याशिवाय होत नाही.”

“येते,” ताई म्हणाली. “पण आधी ते पान मला मोठ्यानं वाचून दाखव.”

“आत्ता? इथे?”

“हो. माझ्याकडे बघून वाच.”

त्यानं मला उघडलं. ‘जगविख्यात’ला त्याची जीभ जड झाली. ‘दैवी देणगी’ त्यानं पुटपुटत उरकली. ‘ते एकटे’पाशी आला आणि गप्प झाला.

“थांबलास का? वाच की. कोण आहे हा माणूस? भेटायला पाहिजे त्याला,” ताई म्हणाली.

भाऊ खाली बसला, चिंध्यांच्या ढिगाशेजारीच. तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं लिहिलं: ‘मी हातांच्या सावल्या करतो. हत्ती माझ्या एकट्याच्यानं होत नाही. त्याची सोंड माझी ताई करते.’ इतक्या दिवसांनी माझ्या अंगावर स्वच्छ कपडा चढल्यासारखं मला वाटलं. ताईनं खांद्यावरून वाकून वाचलं. तिचे डोळे भरून आले होते.

“हे लोकांना दिसलं की मी येते,” ती म्हणाली.

“घरी जाऊन लगेच टाकतो. फोटो लावायचाय आपल्या दोघांचा.”

घरी पोचतो न पोचतो तोच सल्लागाराचा फोन आला. भावानं त्याला नवा मजकूर वाचून दाखवला. “सर, भावना समजते. पण जगविख्यात माणूस एका दिवसात ‘होत नाही’ म्हणायला लागला तर लोक काय म्हणतील? तूर्तास राहू द्या,” तो म्हणाला. मग भावानं ते तीन ओळींचं खरं ‘मसुदा’ म्हणून बाजूला ठेवलं, आणि जुन्या मजकुरात एका वाक्याची भर घातली: ‘नुकतेच त्यांचा हत्ती पाहून बालप्रेक्षक अवाक झाले.’

तो मसुदा अजून माझ्या पोटात आहे. तुम्ही मला उघडलंत तर तो तुम्हाला दिसणार नाही. तो फक्त भावाला दिसतो, आणि भाऊ तिकडे बघत नाही.

ताई मात्र रोज सकाळी दुकान उघडलं की यंत्राला दोरा ओवायच्या आधी मला उघडायची. वरपासून खालपर्यंत वाचायची. एखादा शब्द तरी बदलला असेल, असं तिला वाटत असावं. मी रोज तिला तेच ‘ते एकटे’ दाखवायचो, कारण दुसरं दाखवणं माझ्या हातात नव्हतं. कित्येक सकाळी असंच चाललं. आता ती येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या रोज वाढते म्हणे, सल्लागार खूश आहे. मला त्या गर्दीचा वीट आला आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी स्वतःविषयी लिहाल. ‘मी’ लिहा, ‘ते’ लिहा, मला दोन्ही चालतं. फक्त लिहून झालं की तुमच्या खांद्याला खांदा लावून जे कोणी उभं होतं, त्याला समोर बसवा आणि त्याच्याकडे बघून मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल ते तिथल्या तिथे पुसा, आणि खरं लिहिलेलं लोकांना दिसू द्या. उद्यावर टाकू नका. सकाळी कोणीतरी दोरा हातात धरून वाट बघत असतं.